साष्टी कोणी, कोणाला दिली?

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये हल्ला करून घेतला. आजचे वर्तकनगर ज्या बेटावर वसले आहे, ती साष्टीही त्यांच्या हाती आली. पण ताबा म्हणजे हक्क नव्हे, हे मुंबईकर इंग्रज जाणून होते. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात त्यांनी राघोबादादांकडून साष्टी आणि वसई लिहून घेतली.

लिहून देणाऱ्याचा अधिकार तरी कोणता? नारायणरावांच्या खुनानंतर दादांना साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली होती. पण एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले आणि बारभाईंनी साताऱ्याहूनच चाळीस दिवसांच्या त्या मुलासाठी वस्त्रे आणवली. ती देणारे छत्रपती रामराजे. ताराबाईंनी त्यांना नातू म्हणून पुढे आणले आणि त्यांनीच पुढे ते नाते नाकारले! कारभारात रामराजांचा शब्द चालत नव्हता. तरीही खजिना आणि फौज हाती असलेल्या नाना फडणिसांचे त्यांच्या वस्त्रांवाचून भागले नाही. मला या साऱ्या प्रकरणात तलवारींपेक्षा ही वस्त्रेच अधिक बोलकी वाटतात.

इंग्रजांच्या घरातही तोच पेच होता. मुंबईने परस्पर केलेला तह कलकत्त्याच्या कौन्सिलने अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरला बारभाईंशी नवा तह केला. साष्टी मात्र सोडली नाही. १७८२ मध्ये महादजी शिंद्यांमार्फत सालबाईचा तह झाला. वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडे राहिली. या वेळी पुणे दरबाराच्या संमतीने. राघोबादादांना नेमणूक ठरवून देण्यात आली.