सांध्यावरचा कारकून

'इतिहासावर बोलेन' एवढेच मी व्याख्यानमालेच्या चिटणिसांना कळवले होते. त्यांना पेशवे दप्तरातले एखादे प्रकरण अपेक्षित असावे. मी आज दप्तराविषयीच बोलणार आहे खरा. पण ते दप्तर लंडनमधल्या एका रेल्वे-कचेरीचे आहे, आणि त्याची आठवण मला करून दिली ती आमच्या पेठेतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने.

हे शेठजी माझे बालमित्र. त्यांच्या दुकानी आज चार संगणकी व्यवस्था नांदतात. बिले एका सॉफ्टवेअरमध्ये, गोदामातला माल दुसऱ्यात, बाहेरगावच्या मागण्या फोनवरच्या ॲपमध्ये, आणि बँकेचा कारभार स्वतंत्र. चौघांचा एकमेकांशी अबोला. दुकान मिटल्यावर त्यांचा कारकून एकातला आकडा वाचतो आणि दुसऱ्यात भरतो. गेल्या लग्नसराईत एक नोंद अशी भरायची राहिली, लग्नघरची भांडी वेळेवर गेली नाहीत, आणि बोल लागला तो कारकुनाला. पुढे एक विक्रेता आला. चौघांना जोडणारे पाचवे सॉफ्टवेअर त्याच्यापाशी होते, आणि त्याचे भाडे दरमहा होते. शेठजींनी मला विचारले, "मास्तर, घेऊ का हे? की नुसतेच फॅड आहे?"

मला संगणकातले फारसे कळत नाही. पण मी त्यांना म्हटले, की हा प्रश्न इंग्लंडातल्या रेल्वे कंपन्यांना १८४२ साली पडला होता, आणि त्यांनी त्याचे काय केले हे आपल्याला चांगले ठाऊक आहे.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांमधली रेल्वे १८३० साली सुरू झाली. १८३७ मध्ये तिला दक्षिणेकडून ग्रँड जंक्शन रेल्वे येऊन मिळाली, आणि १८३८ मध्ये लंडन ते बर्मिंगहॅम हा मार्ग पुरा झाला. नकाशावर रूळ सलग दिसू लागले. पण रुळांचे मालक निराळे होते. प्रत्येक कंपनीचे तिकीट वेगळे, दर वेगळा, वह्या वेगळ्या. लांबच्या प्रवाशाला वाटेत उतरून पुन्हा तिकीट काढावे लागे. मालाची गत याहून वाईट. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर गेला, की तो कुठे आहे, त्याचे भाडे कुणाकडून घ्यायचे आणि तो परत केव्हा येणार, याचा पत्ता लागत नसे. डब्यावर झाकलेली ताडपत्रीसुद्धा परमुलखात नाहीशी होई.

लंडन अँड बर्मिंगहॅम रेल्वेत केनेथ मॉरिसन नावाचा एक हिशेबतपासनीस होता. त्याच्या कंपनीचा अध्यक्ष जॉर्ज कार ग्लिन हा पेढीवाला. लंडनच्या पेढ्यांत त्यावेळी एक जुनी रीत होती. निरनिराळ्या पेढ्यांचे कारकून एके ठिकाणी जमत, एकमेकांवरचे चेक समोरासमोर मांडत, आणि शेवटी केवळ बाकी चुकती करीत. अठराव्या शतकात ही रीत सुरू झाली तेव्हा हे कारकून लोंबार्ड स्ट्रीटवरच्या मद्यालयात जमत असत. पुढे त्यांना स्वतःची खोली मिळाली. मॉरिसनने हीच रीत रुळांवर आणली. २ जानेवारी १८४२ रोजी, यूस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर, मोजक्या कारकुनांनिशी रेल्वे क्लिअरिंग हाउस उघडले. आरंभी नऊ कंपन्या सामील झाल्या.

नऊ कंपन्यांनी आपापसात परस्पर हिशेब ठेवायचे म्हटले, तर ३६ खाती होतात. एक मध्यस्थ ठेवला, की नऊ पुरतात. कंपन्या शंभर झाल्या, तर परस्पर खाती होतील ४,९५० आणि मध्यस्थाकडची शंभर. शेठजींना हा हिशेब फार आवडला. परंतु याच ठिकाणी विक्रेता गिऱ्हाइकाला भुलवतो, म्हणून थोडे थांबू. मध्यस्थाचा फायदा किती जण आहेत त्यावर ठरत नाही. त्यांची देवघेव किती आहे त्यावर ठरतो. थेम्स नदीच्या दक्षिणेकडच्या कंपन्या बरीच वर्षे क्लिअरिंग हाउसच्या बाहेर राहिल्या. त्यांची बहुतेक गाडी त्यांच्याच रुळांवर निघे आणि त्यांच्याच रुळांवर थांबे. दुसऱ्याच्या वहीशी त्यांचे फारसे अडत नव्हते. त्यांना मागासलेले म्हणण्याचे काही कारण मला दिसत नाही. परक्या रुळांवरची वाहतूक वाढली, तशा त्याही आल्या.

क्लिअरिंग हाउसचे काम कसे चाले? माल जिथून निघाला त्या स्टेशनाने एक उतारा पाठवायचा, आणि जिथे पोचला त्या स्टेशनाने दुसरा. लंडनमधला कारकून दोन्ही समोर ठेवून ताडून पाही. जुळले तर मैलांच्या प्रमाणात भाडे वाटले जाई. न जुळले तर दोन्हींकडे चौकशीची पत्रे सुटत. शिवाय जिथे दोन कंपन्यांचे रूळ मिळत, त्या सांध्यांवर क्लिअरिंग हाउसने आपली माणसे नेमली. थंडीवाऱ्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक डब्याचा आणि ताडपत्रीचा क्रमांक टिपायचा, एवढेच त्यांचे काम. परका डबा कुणी ठरल्याहून अधिक दिवस अडकवून ठेवला, तर विलंबशुल्क बसे. इंग्रजी साहित्यात रेल्वेच्या धुराची वर्णने पुष्कळ आहेत. या सांध्यावरच्या कारकुनावर कुणी दोन ओळी खर्चल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता मुख्य गोष्ट. हिशेब जोडण्यापूर्वी कंपन्यांना फार मोठी किंमत द्यावी लागली, आणि ती पैशाची नव्हती. त्यांना शब्द एक करावे लागले. एका कंपनीच्या वहीत ज्याला सामान्य कापड म्हणत, ते दुसरीच्या वहीत भारी दराच्या मालात मोडे. मग मालाचे सर्वांना बांधील असे वर्गीकरण तयार झाले आणि वर्षानुवर्षे त्यात भर पडत गेली. त्यांना घड्याळही एक करावे लागले. ब्रिस्टलचे स्थानिक घड्याळ लंडनच्या सुमारे दहा मिनिटे मागे असे. सप्टेंबर १८४७ मध्ये क्लिअरिंग हाउसने सर्व स्टेशनांवर ग्रिनिचची वेळ ठेवावी अशी शिफारस केली, आणि पुष्कळ कंपन्यांनी ती लवकरच मानली. कायद्याने ती वेळ सबंध ब्रिटनला लागू झाली ती १८८० मध्ये. म्हणजे हिशेब जोडू पाहणाऱ्या कारकुनांनी कायद्याच्या तेहेतीस वर्षे आधी देशाची वेळ जोडायला घेतली होती!

जिथे माप एक झाले नाही तिथे काय झाले, हे पाहायला ग्लॉस्टरला जावे. १८४४ मध्ये तिथे चार फूट साडेआठ इंचांचा रूळ आणि सात फुटांचा रूळ समोरासमोर आले. कागद जुळवता येत होते, पण डबा पुढे जाईना. प्रत्येक पोते, प्रत्येक पेटी इकडून उतरवून तिकडे चढवायची. संसदेला १८४६ मध्ये कायदा करावा लागला, आणि तरीही रुंद रूळ पुरते जायला १८९२ साल उजाडले.

पण ग्लॉस्टर कशाला? आपले कुर्डुवाडी काय वाईट आहे? १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचा रूळ अडीच फुटांचा, आणि जी. आय. पी. चा साडेपाच फुटांचा. पुढे ही छोटी गाडी एका अंगाला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला पंढरपुरावरून मिरजेपर्यंत गेली. मराठवाड्यातला माल मुंबईकडे जायचा, तर कुर्डुवाडीला हमालाच्या पाठीवरून एकदा जाणे भाग. आषाढीच्या वारकऱ्यानेही तिथे गाडी बदलली, गाठोडे सांभाळले आणि लेकरू हरवू नये म्हणून त्याचे मनगट घट्ट धरले. हा रूळ रुंद झाला तो या शतकाच्या आरंभी, टप्प्याटप्प्याने. शेठजींचा कारकून दररोज संध्याकाळी जे करतो, ते कुर्डुवाडीच्या हमालीहून निराळे नाही.

संगणकांच्या जगातही शब्द एक करण्याचे काम यंत्रे जोडण्याच्या आधी झालेले दिसते. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा शहराला अन्न आणि कोळसा विमानांनी पुरवावा लागला. मालाच्या याद्या निरनिराळ्या नमुन्यांच्या असत. अमेरिकन सैन्यातल्या एडवर्ड गिल्बर्ट याने तारेने पाठवता येईल असा एकच नमुना ठरवला. यंत्र नवीन काही नव्हते; नमुना तेवढा नवीन होता. त्याच विचारातून १९६८ मध्ये अमेरिकेत वाहतूकदारांची एक समिती उभी राहिली, आणि १९७९ पासून कंपन्यांच्या संगणकांनी एकमेकांना बिले व मागण्या कोणत्या रूपात पाठवाव्यात याची राष्ट्रीय प्रमाणे तयार होऊ लागली. आपल्याकडे २०१७ पासूनचा जी. एस. टी. आठवून पहा. विकणाऱ्याने बिल कळवले, तरच घेणाऱ्याच्या उताऱ्यात कराची वजावट दिसते. दोन टोकांचे दोन उतारे ताडून पाहायचे, ही युक्ती मॉरिसनच्या कारकुनांना मुळीच नवी वाटली नसती. तिथे मात्र व्यापाऱ्याला 'घेऊ का' असे विचारण्याची सोय नाही.

क्लिअरिंग हाउसचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धापूर्वी तिथे दोन हजारांहून अधिक माणसे कामाला होती. १९२३ मध्ये सुमारे १२० कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. कालपर्यंत जो परका होता तो घरचा झाला, आणि ज्या हिशेबासाठी कारकून बसत त्यातले पुष्कळ हिशेब उरलेच नाहीत. १९४८ मध्ये रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली. १९५५ मध्ये क्लिअरिंग हाउसचे स्वतंत्र अस्तित्व संपले, आणि राहिलेले काम १९६३ मध्ये आवरले गेले. त्याच्या कामात खोट निघाली म्हणून ते बंद झाले नाही. जोडायचे ते एक झाले म्हणून बंद झाले.

हे सारे ऐकून शेठजी म्हणाले, "मास्तर, तुमचा इतिहास राहू द्या. मी काय करू ते सांगा." मी म्हटले, विक्रेत्याला महिनाभर थांबायला सांगा. तुमच्या सांध्यावर कारकुनाला बसवा, आणि कोणती नोंद कुठून कुठे किती वेळा जाते, ते त्याला टिपायला सांगा.

त्यांनी तसे केले. बाहेरगावच्या मागण्या आठवड्याला चारदोनच निघाल्या. बँकेचा उतारा दिवसातून एकदा पाहिला तरी भागत होते. खरी हमाली होती ती बिलावरून गोदामात, दिवसभर, दर गिऱ्हाइकामागे. आणि तिथे गंमत अशी निघाली, की एकच पातेले बिलात 'पाच लिटर' होते, गोदामात 'सात नंबर' होते, आणि फोनवरच्या मागणीत 'मोठे' होते. ही तीन नावे पाचव्या सॉफ्टवेअरने जोडली असती, तर लग्नघरी भांडी गेली असती, पण कोणती गेली असती हे सांगवत नाही. कारकुनाने सगळ्या दुकानाची एक यादी केली. त्या कामी अकरा दिवस गेले, आणि शेठजी अकराही दिवस कुरकुरत होते.

यादी पुरी झाल्यावर आणखी एक गोष्ट कळली. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्येच गोदामाचा एक विभाग होता. तो कुणी उघडूनच पाहिला नव्हता. दुसरे सॉफ्टवेअर बंद झाले. विक्रेत्याला शेठजींनी चहा पाजला आणि बाहेरगावचा धंदा वाढला तर बोलावीन असे सांगितले. माझ्या मते तेही योग्यच. बँकेचा उतारा कारकून अजून हातानेच ताडून पाहतो. तेवढे तरी आता यंत्रावर सोड असे शेठजी त्याला म्हणाले, तेव्हा त्याने मान हलवली आणि पेन्सिलीला टोक काढून पुन्हा उताऱ्यावर वाकला.