जकात

यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचे कळंब आज चिंतामणी गणेशासाठी ओळखले जाते. अकबराच्या काळातील 'आईने अकबरी'त मात्र ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे, म्हणजे महसुली विभागाचे, ठाणे म्हणून येते. अशा ठाण्यांमधून राज्यकारभाराचे अरबी-फारसी शब्द मराठीत रुजले. त्यातला सर्वांत लांब प्रवास 'जकात'चा.

मूळ अरबी धातूत दोन अर्थ एकत्र नांदतात: वाढणे आणि शुद्ध होणे. धनाचा वाटा काढला की उरलेले धन शुद्ध होते, ही श्रद्धा. म्हणून कलमा, नमाज, रोजा, हज यांच्याबरोबर जकात हाही इस्लामचा एक स्तंभ. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त, चांदीच्या हिशेबात साडेबावन्न तोळे, एवढी बचत चांद्रवर्षभर टिकली, तर तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. गरीब, कर्जबाजारी, वाटसरू हे त्याचे हक्कदार.

मग हा शब्द नाक्यावर कसा आला? व्यापारी मालावरची जकात पूर्वीपासूनच वाटेवरच्या ठाण्यांवर वसूल होई. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना अडीच, तर हिंदूंना पाच टक्के दर लावला. इथे दानाचे काही उरले नव्हते. पुढे १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले, ते स्वराज्यातील मीठ विकले जावे म्हणून. तोवर शब्द पुरता मराठी झाला होता.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली. रमजानमध्ये मात्र कळंबसारख्या गावांतही घरोघरी चाळिसाव्या हिश्श्याचा हिशेब मांडला जातो.