‘नवीन अविभाज्य शर्त’

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-2’ दिसलं की जमीन घेणारा आधी बिचकतो, मग भाव पाडतो. इतर हक्कांत ‘नवीन अविभाज्य शर्त’ असा शेराही असतो. जमीन कसायला तुमची, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आणि नजराणा भरल्यावाचून विकायची नाही, वाटूनही घ्यायची नाही.

या शर्तीचं एक मूळ महार वतनात आहे. सरकारी सांगावे पोचवायचे, गावचा वसूल खजिन्यात न्यायचा, शिवेच्या तंट्यात साक्ष द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात थोडी जमीन. पिढ्यागणिक भावकी वाढली, जमीन तेवढीच राहिली. वाट्याला गुंठे आले, राबणूक मात्र अख्ख्या घराला. 1874 च्या वतन कायद्यानं ही जमीन वतनाबाहेर जाऊ द्यायला आडकाठी घातली. त्यात वतनदाराच्या भल्यापेक्षा सरकारला स्वस्तातला नोकर टिकवायची काळजी जास्त होती, असं मला वाटतं.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही गाठच कापली. महार वतनं खालसा केली, जमिनी रयतावा केल्या. इतर रयतेसारखा सारा भरायचा, चाकरी संपली. पण हुकूम चालायचा तो संस्थानच्या हद्दीपर्यंत. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तिकडं मुंबई इलाख्याचा कायदा. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते पुढं मागं घ्यावं लागलं. वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं. कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन जमिनी परत दिल्या, विक्रीवरचा लगाम तेवढा सरकारनं हातात ठेवला.

भावकीच्या सामायिक जमिनीचा व्यवहार वेगळ्या पद्धतीनंही होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात 1992 च्या माबो निकालानं मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क मान्य झाला. तिथल्या कायद्यातल्या 1998 च्या दुरुस्तीनंतर जमीन वापराचे करार हक्कदार समूहाशी बोलून नोंदवता येतात, आणि नोंद झाल्यावर सही न केलेल्या हक्कदारांवरही ते बंधनकारक ठरतात. ही व्यवस्था निर्दोष नाही. पण निदान बोलणी समूहाशी होतात. आमच्या वतन कायद्यात भावकीला एकत्र बसवणारी जागाच नाही. मग घेणारा एकेकाला गाठतो, हातावर थोडे पैसे टेकवून कुलमुखत्यारपत्र लिहून घेतो आणि परवानगीचा अर्ज मूळ मालकांच्याच नावानं जातो. परवानगी मिळाली तर नजराणा सरकारजमा होतो, आणि शर्त उठल्यावर वाढलेला भाव मुखत्याराला मिळतो.