बजेटमधलं एक शून्य

अमेरिकेत ऑनसाईट गेलेला आपला माणूस घर शोधायला लागला की दोनच प्रश्न विचारतो. ऑफिस किती लांब, आणि स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं? दुसऱ्या प्रश्नावर भाडं ठरतं, शेजार ठरतो, कधीकधी नवरा-बायकोचं भांडणही ठरतं. पण हे स्कूल डिस्ट्रिक्ट चालतं कसं, हे आपण सहसा विचारत नाही. मी ते वाचायला घेतलं आणि व्हर्जिनियातल्या एका काउंटीपाशी अडकलो. तिचं नाव प्रिन्स एडवर्ड. या काउंटीने १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं आपल्या सगळ्या सरकारी शाळा बंद ठेवल्या. पूर आला नव्हता, युद्ध नव्हतं, तिजोरीही रिकामी नव्हती. तरी बंद!

आधी थोडी यंत्रणा समजून घेऊ. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आकाराने मात्र बरेचदा तालुक्याएवढा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत स्कूल डिस्ट्रिक्ट स्वतःच मालमत्ता कर लावतं. व्हर्जिनियात तसं नाही. तिथे शाळा चालवतं स्कूल बोर्ड, पण कर लावायचा अधिकार काउंटीच्या सुपरवायझर मंडळाकडे. बोर्डाने दरवर्षी बजेट मांडायचं, मंडळाने पैसे मंजूर करायचे. काही पैसे राज्याकडून येतात. थोडक्यात, शाळा एकाची आणि नळाची चावी दुसऱ्याकडे. एरवी यात काही वावगं नाही. पण चावी हातात असलेल्याने नळच बंद करायचं ठरवलं तर?

गोष्ट सुरू होते १९५१ मध्ये, फार्मविल या गावात. तेव्हा व्हर्जिनियात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल १९३९ मध्ये बांधलं ते १८० मुलांसाठी. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या आसपास मुलं झाली. बोर्डाने तोडगा काय काढला, तर आवारात लाकडाच्या शेड्स ठोकल्या आणि वरून डांबरी कागद लावला. पालक नवीन इमारत मागत होते, बोर्ड 'बघू' म्हणत होतं. (हे 'बघू' सगळ्या देशांत सारखंच असतं बहुतेक!)

२३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने हे 'बघू' संपवलं. मुलांनी एक खोटा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर काढलं, सगळ्यांना सभागृहात जमवलं, शिक्षकांना नम्रपणे बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. दोन आठवडे मुलं वर्गात गेली नाहीत. एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले. त्यांची अट एकच होती: नुसती चांगली इमारत मागायची नाही, वेगळ्या शाळांची पद्धतच बंद करा असं म्हणायचं. मुलं आणि पालक तयार झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. पुढे 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या प्रसिद्ध खटल्यात जे पाच दावे एकत्र आले, त्यातला हा एक. १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वर्णावरून वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत.

इथे सिनेमा संपला असता. इतिहास संपत नाही.

व्हर्जिनियाच्या राजकारण्यांनी कडवा विरोध सुरू केला. १९५८ मध्ये राज्याने कायदा वापरून नॉरफोक, शार्लट्सव्हिल अशा ठिकाणच्या काही शाळांना टाळं लावलं. जानेवारी १९५९ मध्ये कोर्टांनी ते रद्द ठरवलं. मग मे महिन्यात प्रिन्स एडवर्डला आदेश मिळाला, की सप्टेंबरपासून काळ्या मुलांना प्रवेश द्या. जूनमध्ये सुपरवायझर मंडळ बसलं आणि त्याने शाळांसाठी मंजूर केलेली रक्कम होती शून्य.

बघा, त्यांनी 'काळ्या मुलांना घेणार नाही' असं कुठे लिहिलं नाही. पैसेच दिले नाहीत. सिस्टीम बंद पाडायला सर्व्हर फोडावा लागत नाही, लाइटबिल भरणं थांबवलं की पुरतं.

गोऱ्या मुलांसाठी लगेच खाजगी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी उभी राहिली. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. १९६० पासून राज्याने मुलामागे १२५ ते १५० डॉलर आणि काउंटीने आणखी १०० डॉलर फीसाठी द्यायला सुरुवात केली, शिवाय अकॅडमीला देणगी दिली तर मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे सार्वजनिक पैसा होताच, फक्त दुसऱ्या दाराने जात होता. १९६१ मध्ये कोर्टाने तो थांबवला, शाळा मात्र उघडल्या नाहीत.

आणि काळी मुलं? ती सुमारे १७०० होती. काही नातेवाईकांकडे दुसऱ्या काउंटीत गेली, काहींना क्वेकर संस्थेने परराज्यातल्या कुटुंबांत ठेवलं, काही चर्चच्या तळघरात जमेल तसं शिकली. बरीचशी घरी राहिली, शेतात कामाला लागली. काही गरीब गोरी मुलंही अशीच राहून गेली. आणखी एक कडू गोष्ट म्हणजे, संपात मागितलेली नवी इमारत १९५३ मध्येच बांधून झाली होती. आता तिलाही कुलूप होतं.

सप्टेंबर १९६३ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने, देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा वर्षभरासाठी सुरू झाल्या. २५ मे १९६४ ला सुप्रीम कोर्टाने 'ग्रिफिन' खटल्यात सांगितलं, की गरज पडली तर मंडळाला कर लावून शाळा उघडायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. मला हा निकाल 'ब्राऊन'इतकाच महत्त्वाचा वाटतो. १९५४ ने हक्क दिला, त्या हक्काच्या नळाला हात घातला तो १९६४ ने. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या.

पण १९५९ ला दहा वर्षांचं असलेलं मूल तोवर पंधराचं झालं होतं. २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने खेद व्यक्त केला, २००४ मध्ये या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. तोवर ती मुलं पन्नाशीत पोचलेली. दहावीचं बीजगणित पन्नाशीत शिकता येतं हो, पण त्यावर मिळाली असती ती नोकरी काही मागे जाऊन मिळत नाही.

म्हणून आता कुणी मोठ्या हक्काची घोषणा केली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: याचे पैसे कोण मंजूर करणार, आणि त्याने नाही केले तर काय?

असो. तिकडे कुणी असाल तर रिचमंडहून फार्मविल साधारण शंभर किलोमीटर आहे. मोटन शाळेची जुनी इमारत आता म्युझियम आहे. एखादा शनिवार काढून जाऊन या.