माशाआधी तळ : फिशफाइंडरची कुळकथा

मुळशीच्या जलाशयातलं पाणी आपल्या वाटेनं गेलं असतं, तर मुळा, मुठा, भीमा, कृष्णा असं वाहत शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांच्या धरणानं त्याचं तोंड पश्चिमेला फिरवलं. आता ते बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथून कुंडलिकेत येतं आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात जातं. या पाण्याच्या वरच्या टोकाला होडी, तराफा नाहीतर फुगवलेली ट्यूब घेऊन जाळं टाकणारे आहेत, खालच्या टोकाला कोळ्यांच्या होड्या आहेत. दोघांनीही होडीवर ‘काहीतरी यंत्र’ बसवायचं मनात आणलं, तर बाजारात पहिल्यांदा समोर येते ती एकच पेटी : फिशफाइंडर.

नावावरून वाटतं, ही पेटी मासे शोधायलाच जन्माला आली. तिच्या कुळाचा कागद उलगडला तर त्यात हिमनग निघतात, पाणबुड्या निघतात, समुद्राचा तळ निघतो. मासा या घरात आला तो बराच उशिरा, आणि तोही कागदावरचा नको असलेला डाग म्हणून. हे कूळ नीट कळलं, की कोणत्या होडीला काय घ्यायचं याचं उत्तरही बरंचसं हाती येतं.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे दोरी आणि शिसं. पसरलेल्या दोन हातांची लांबी ती एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. दोरीला वावा-वावावर गाठ मारायची, टोकाला शिशाचं वजन बांधायचं आणि पाण्यात सोडायचं. दोरी ढिली पडली की गाठी मोजायच्या. वजनाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरली, की तळाची रेती नाहीतर चिखल त्याला चिकटून वर यायचा. तांडेलाला खोलीइतकाच हा चिखल महत्त्वाचा. डोल जाळ्याचे खुंट कुठे रोवता येतील आणि कुठे खडकावर जाळं फाटेल, हे तळावरच ठरतं. अडचण एकच, दोरीला वेळ लागतो. पाणी खोल असेल आणि ओढ जोराची असेल, तर दोरी तिरपी जाते आणि मोजमाप फसतं.

दोरीच्या जागी आवाज सोडता येईल, ही शक्यता एका सरोवरात मोजली गेली. 1826 मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी तेरा-एक किलोमीटर अंतरावर दोन होड्या उभ्या केल्या. एकीकडे पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी दारूचा भडका उडवायचा. दुसरीकडे भडका दिसल्यापासून पाण्यात बुडवलेल्या नळीतून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर निघालं सेकंदाला 1435 मीटर. हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून हा वेग जास्त आहे. पाण्यातल्या आवाजाचा वेग कळला म्हणजे प्रतिध्वनीचा वेळ मोजून अंतर काढता येतं. हिशेब इतका सोपा असूनही त्याला यंत्राचं रूप यायला जवळजवळ नव्वद वर्षं आणि एक मोठा अपघात लागला.

एप्रिल 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली आणि हिमनग आधी कळावा म्हणून शोधकांची धावपळ सुरू झाली. जर्मनीतल्या कील शहरात अलेक्झांडर बेम याच खटपटीत होता. बर्फाकडून येणारा प्रतिध्वनी भरवशाचा निघाला नाही, तळाकडून येणारा मात्र स्वच्छ होता. 1913 मध्ये त्यानं पेटंट घेतलं ते खोली मोजण्याच्या यंत्राचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रेजिनाल्ड फेसेन्डेननं ‘मायामी’ या जहाजावरून हिमनगाचा प्रतिध्वनी खरोखर ऐकला, आणि त्याच प्रयोगात त्याला तळाचाही ऐकू आला. मग पहिलं महायुद्ध लागलं. पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँनं क्वार्ट्झचे स्फटिक वापरले. विजेचा दाब दिला की असा स्फटिक थरथरतो आणि ध्वनी सोडतो, परतलेला ध्वनी आदळला की तोच पुन्हा वीज देतो. आज होडीच्या बुडाशी बसवतात त्या ट्रान्सड्यूसरचं काम याच तत्त्वावर चालतं, फक्त क्वार्ट्झच्या जागी चिनी मातीसारखी भाजलेली चकती आली.

युद्धानंतर ही यंत्रं व्यापारी जहाजांवर आणि मोठ्या मासेमारी नौकांवर खोली मोजायला बसली. फिरत्या कागदावर लेखणी तळाची रेघ ओढत जायची. कधीकधी तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधोमध काळपट डाग उमटायचे. खोली मोजणाऱ्याच्या दृष्टीनं तो कचरा होता. इंग्लंडचा रोनाल्ड बॉल्स हा हेरिंग पकडणारा कप्तान 1933 पासून त्या डागांची आणि आपल्या जाळ्यातल्या माशांची सांगड घालू लागला. जपानमध्ये किमुरा यांनी 1929 मध्येच तळ्यातल्या माशांवर ध्वनीचा प्रयोग केला होता. नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनच्या समुद्रातल्या कॉड माशांच्या थव्याचा ध्वनिलेख 1935 मध्ये ‘नेचर’मध्ये छापला आणि डागाला शास्त्राची मान्यता मिळाली.

हा डाग गरीब कोळ्याच्या होडीपर्यंत आणला तो नागासाकीजवळच्या फुरुनो बंधूंनी. होड्यांवर विजेचे दिवे बसवण्याचा त्यांचा धंदा होता. जिथं मासे तिथं पाण्यातून बुडबुडे येतात, हे अनुभवी मच्छीमारांकडून त्यांनी ऐकलं होतं. बुडबुडे असतील तर त्यांच्यावरून ध्वनी परतणारच, हा त्यांचा तर्क. दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलाची खोली मोजणारी यंत्रं मोडीत निघाली होती. त्यातून जोडणी करून 1948 मध्ये त्यांनी माशांसाठीचं यंत्र विकायला काढलं.

तर्क बरोबर दिशेचा होता, कारण यंत्राला खरोखर हवाच दिसते. माशाचं मांस घनतेनं पाण्याच्या जवळपास असल्यामुळे ध्वनी त्यातून फारसा न अडता पार होतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी मात्र त्याला परत फेकते. कोकणातले कोळी तिला भोत म्हणतात, आणि घोळ माशाचं भोत परदेशी बाजारात माशापेक्षा महाग जातं. पडद्यावर दिसणारा मासा म्हणजे मुख्यतः त्याचं भोत. सुरमईला भोत नसतं, मुशीलाही नसतं, म्हणून हे मासे फिकट उमटतात. रोहू, कटला, महसीर ही गोड्या पाण्यातली मंडळी दोन कप्प्यांची पिशवी बाळगतात आणि ठळक दिसतात. टाटांच्याच लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर गेली अनेक दशकं महसीरची पैदास होते, त्या माशाच्या बाबतीत तरी हे यंत्र डोळसपणे चालेल.

पडद्यावर मासा कमानीसारखा का दिसतो, हेही जवळून पाहण्यासारखं आहे. ट्रान्सड्यूसरमधून ध्वनी खाली उतरतो तो शंकूच्या आकारात. 20 अंशांचा शंकू 10 मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतो, 30 मीटरवर साडेदहा मीटरचं. होडी पुढे सरकताना मासा आधी शंकूच्या कडेला येतो तेव्हा तिरकं अंतर जास्त असतं, मध्यावर आला की ते सर्वांत कमी होतं, पुढे पुन्हा वाढतं. पडदा प्रत्येक क्षणाचं अंतर एकापुढे एक मांडतो आणि कमान तयार होते. होडी थांबलेली असेल आणि मासाही जागेवर असेल, तर त्याच माशाची लांबच लांब आडवी रेघ दिसते. नवखा माणूस तिला भलामोठा मासा समजतो. काही यंत्रं तर कमानीच्या जागी माशाचं चित्रच काढून देतात. बुडालेली फांदी आणि बुडबुड्यांचा पुंजका यांनाही ती माशाचं चित्र बहाल करतात, म्हणून ही सोय बंद ठेवलेली बरी. फसायला तज्ज्ञही फसले आहेत. 1942 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकी यंत्रांना खोल समुद्रात मध्येच एक ‘तळ’ दिसू लागला, आणि तो रात्री वर यायचा. तो बारीक जलचरांचा दाट थर निघाला.

या घराण्याची दुसरी शाखा गोड्या पाण्यावर वाढली, आणि मुळशीचं नातं खरं तिच्याशी. अमेरिकेत विसाव्या शतकात नद्या अडवून मोठमोठे जलाशय झाले. झाडं, कुंपणं, जुने रस्ते पाण्याखाली गेले. कार्ल लोरन्स आणि त्याची मुलं पाण्याखाली डुबक्या मारून मासे कुठे थांबतात ते पाहत. 1957 मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि 1959 मध्ये बॅटरीवर चालणारी, हातात उचलून नेता येणारी हिरवी पेटी आणली. तिच्यात कागद नव्हता. गोल तबकडीवर दिवा फिरायचा आणि ज्या खोलीवरून प्रतिध्वनी आला तिथं चमकायचा. आधी जहाजाला पेलणारं यंत्र आता एका माणसाच्या होडीत मावलं.

मुळशीचा तळही असाच वस्तीचा तळ आहे. 1921 च्या रामनवमीला इथं धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचं नेतृत्व करत होते. मावळ्यांनी जी भातखाचरं आणि घरं वाचवायला लढा दिला, ती पाण्याखाली गेली. सुमारे 49 मीटर उंचीच्या धरणामागे पाणी खोल आहे, आणि गाळ साचत असल्यामुळे ते दरवर्षी थोडं थोडं उथळ होतं. जलाशयांत किती गाळ साचला याची मोजणी पुण्याच्या खडकवासल्यातली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था करते, तीही होडीखाली ध्वनियंत्र लावून. 1916 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या मोजणी होडीत आणि गळवाल्याच्या होडीत तत्त्व एकच असतं, फरक अचूकतेचा आणि किमतीचा.

समुद्रावरच्या होडीत मात्र फिशफाइंडरला भावंडं लागतात, आणि त्यांची जन्मकथा वेगळी आहे. पूर्वी कोळी आपली जागा डोंगर धरून ओळखायचा, एका टेकडीच्या मागून दुसरं देऊळ दिसलं की इथं जाळं. किनारा धुक्यात गेला की हे संपायचं. अमेरिकेनं 1978 पासून उपग्रह सोडायला सुरुवात केली ती आपल्या सैन्यासाठी. 1983 मध्ये वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत विमानांनी पाडलं, त्यानंतर जीपीएस सर्वांना मोकळं करण्याची घोषणा झाली. तरी नागरी वापरासाठी त्यात मुद्दाम शंभरेक मीटरची चूक ठेवलेली असे. मे 2000 मध्ये ती काढली आणि लहान होडीला आपलं जाळं टाकलेल्या जागी परत जाता येऊ लागलं. वायरलेसच्या सक्तीमागेही टायटॅनिकच आहे, हाका मारूनही शेजारच्या जहाजानं ऐकलं नाही म्हणून जगानं नियम केले. होडीवरच्या व्हीएचएफला मात्र पृथ्वीची गोलाई आडवी येते. चार-चार मीटर उंचीच्या अँटेना असलेल्या दोन होड्या साधारण 16 किलोमीटरपर्यंतच बोलू शकतात. त्यापलीकडे उपग्रह हवा. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला. मोबाइलची रेंज संपते तिथं हे यंत्र इस्रोच्या उपग्रहावरून निरोप पाठवतं आणि आणतं.

आता खरेदीचं बघू. जास्त पैसे म्हणजे जास्त मासे, हे गणित इथं चालत नाही. पहिला प्रश्न कंपनसंख्येचा. 50 किलोहर्ट्झचा ध्वनी खोल जातो पण ढोबळ पाहतो, 200 किलोहर्ट्झचा उथळ पाण्यात बारीक पाहतो. मुळशीचं पाणी आणि कोकण किनाऱ्याजवळचं पाणी दोन्ही 200 च्या आवाक्यातली आहेत, शेकडो मीटरची ताकद असलेल्या यंत्राचे पैसे तिथं पाण्यात जातात. दुसरा प्रश्न पाण्याचा. कोमट गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, तितक्याच कोमट समुद्रात 1530 च्या पुढे. यंत्रात गोडं-खारं असा पर्याय असतो, तो चुकीचा ठेवला तर 40 मीटरवर जवळजवळ एका मीटरचा फरक पडतो. तिसरा प्रश्न बसवण्याचा. ट्रान्सड्यूसर पंख्याच्या फेसाजवळ आला की हवेचे बुडबुडे सगळं झाकून टाकतात, कारण यंत्राला दिसते ती हवाच. चौथा प्रश्न भिजण्याचा. आयपी 67 लिहिलेली पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, खाऱ्या हवेतल्या तारांच्या जोडांचं तसं नसतं.

मुळशीवर होडीला चेंडूएवढा तरंगता गोळा पुरतो. तो वाय-फायनं मोबाइलच्या पडद्यावर तळ दाखवतो. उरलेल्या पैशांतून आधी लाइफ जॅकेट घ्यावं. रेवदंड्याच्या होडीवर पहिला मान निरोप पाठवणाऱ्या यंत्राचा, दुसरा जीपीएसचा आणि तिसरा फिशफाइंडरचा. खाली काय आहे हे कळलं नाही तर एखादी फेरी रिकामी जाते. आपण कुठे आहोत हे किनाऱ्याला कळलं नाही, तर वादळात कुणी शोधायलाही येत नाही. तळ मोजणाऱ्या यंत्रानं शंभर वर्षांत मासे दाखवायला शिकून घेतलं, होडीला घरी आणण्याचं काम मात्र आजही त्याच्या भावंडांकडेच आहे.