डिझेल यंत्रातील एक नळी

इतिहास लिहिताना आपण गडाकोटांची नावे घेतो. त्यांच्या टाक्यांत पाणी आणणारे पाट व नळ कोणी बांधले, हे क्वचितच विचारतो. यंत्रांच्या इतिहासातही हाच प्रकार घडतो. डिझेल हे नाव आज खेड्यापाड्यांत सर्वतोमुखी आहे. परंतु त्या यंत्रात पंपापासून इंजेक्टरपर्यंत तेल नेणारी पेन्सिलीएवढी पोलादी नळी आणि तिच्या दोन टोकांचे सांधे यांचा उल्लेख कोणी करीत नाही. वस्तुतः हे यंत्र कारखान्यातून रस्त्यावर व शेतावर येण्यास जो दीर्घ काळ लागला, तो बऱ्याच अंशी याच दुव्यापायी लागला.

रुडॉल्फ डिझेल यांना जर्मनीत १८९३ साली एकस्व मिळाले. त्यांची कल्पना अशी, की सिलिंडरातील हवा अतिशय दाबली म्हणजे ती इतकी तापते, की तीत उडविलेले तेल ठिणगीवाचून पेटते. कल्पना सरळ होती. अडचण पुढे होती. जेथे हवा आधीच तीसपस्तीस पट दाबली आहे, तेथे तेल शिरावे कसे? नुसते शिरूनही भागत नाही. त्याचे धुक्यासारखे तुषार व्हावे लागतात. तेल थेट ढकलून देण्याचे प्रारंभीचे प्रयत्न फसले, आणि डिझेल यांनी त्याहूनही अधिक दाबाच्या हवेच्या झोताने तेल आत फुंकण्याचा मार्ग पत्करला. १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबुर्ग येथे प्राध्यापक श्रोटर यांनी या यंत्राची अधिकृत चाचणी घेतली. जळणाच्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक भाग कामी लागला. वाफेच्या यंत्रांना हे त्या काळी साधत नव्हते.

परंतु या यशाला एक ओझे चिकटले होते. हवा दाबणारे अवजड यंत्र सोबत बाळगावे लागे, आणि तेच मूळ यंत्राच्या शक्तीचा बराच हिस्सा खाई. वीजगृहाला किंवा मोठ्या जहाजाला ते परवडे. मालमोटारीला वा शेतातील विहिरीला नव्हे.

हवेची मध्यस्थी दूर करून केवळ तेलावरच दाब आणावा, या दिशेने इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीच्या जेम्स मॅककेक्नी यांनी १९१० साली पाऊल टाकले. त्यांच्या पद्धतीत दाबाचे तेल एका सामायिक नळात साठवून तेथून प्रत्येक सिलिंडरला दिले जाई. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पाणबुड्यांत ती वापरली गेली. तथापि मोटारीसाठी हवा होता लहान, स्वस्त व अचूक पंप. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२२ साली हे काम अंगावर घेतले आणि १९२७ साली असे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. प्रत्येक सिलिंडरला पंपाचा स्वतंत्र दट्ट्या व प्रत्येक दट्ट्याला स्वतंत्र नळी, ही ती रचना.

येथे नळीवर केवढी जबाबदारी पडली, हे एका हिशेबाने कळेल. मिनिटाला १,५०० फेरे घेणारे ५ अश्वशक्तीचे यंत्र तासाला सुमारे १ लिटर तेल घेते. तेवढ्या वेळात तेल ४५ हजार वेळा उडते. म्हणजे एका वेळचा वाटा जेमतेम एक थेंब! तो थेंब वातावरणाच्या काहीशे पट दाबाने, ठरल्या क्षणी पोहोचला पाहिजे. राजधानीतून निघालेला हुकूम तालुक्याला पोहोचण्यास जसा वेळ लागतो, तसा दाबाच्या लहरीलाही लागतो. ही लहर सेकंदाला सुमारे १,४०० मीटर धावते; तरीही १ मीटर नळी ओलांडीपर्यंत वरील यंत्राचा दांडा सहा अंश फिरून जातो. म्हणूनच अशा अनेक यंत्रांत जवळच्या सिलिंडरची नळीही मुद्दाम वळणे देऊन दूरच्या नळीएवढी लांब केलेली असते. ती वळणे शोभेची नाहीत; सर्वांना समान न्याय मिळावा म्हणून आहेत.

सांध्याची कथाही अशीच. नळीचे टोक ठोकून शंकूच्या आकाराचे करतात आणि नट आवळून तो शंकू तशाच खोबणीत दाबून बसवितात. मध्ये रबर नाही, कातडे नाही, धातूवर धातू. सैल राहिला तर तेल गळते, फाजील आवळला तर शंकू चेपून वाट अरुंद होते.

पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली, आणि बॉश यांच्या सहकार्याने बंगळूरला मायको हा कारखाना १९५१ साली निघाला. पुढे विहिरीवरच्या इंजिनाबरोबर ही विद्याही शेतकऱ्याच्या हाती आली. तेलात हवा शिरली की इंजिन चालू होत नाही, कारण दट्ट्याचा सारा जोर हवा दबण्यातच संपतो. मग इंजेक्टरकडचा नट किंचित सैल करून हँडल मारावयाचे, बुडबुडे थांबून अखंड तेल येऊ लागले की नट आवळावयाचा. ज्या हवेच्या पाठबळावाचून डिझेल यांचे तेल आत जात नव्हते, तीच आता वैरीण ठरली होती.

या लहानशा सांध्यावर माणसांचे प्राणही अवलंबून असतात. जहाजाच्या यंत्रघरात नळी फुटली आणि तेलाचे तुषार तापलेल्या भागावर पडले, तर क्षणात आग भडकते. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराने अशा नळीभोवती दुसरी नळी बसविणे आवश्यक केले. जुन्या जहाजांनाही त्यासाठी २००३ सालच्या जुलैची मुदत दिली गेली.

या अडचणींतून अभियंत्यांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे पंप व इंजेक्टर एकाच घडणीत बसवून दाबाची नळीच काढून टाकणे. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेल्या अल्को जातीच्या रेल्वे इंजिनांत प्रत्येक सिलिंडरजवळ पंप व आखूड नळी असे. तेथेच पुढे बनलेल्या जनरल मोटर्सच्या धर्तीच्या इंजिनांत तीही उरली नाही. दुसरी वाट १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या मोटारीत बाजारात आली. सर्व सिलिंडरांसाठी एकच सामायिक नळ, त्यात १,३०० पटींहून अधिक दाबाचे तेल, आणि प्रत्येक इंजेक्टरला विजेच्या इशाऱ्याने उघडणारी झडप. मॅककेक्नी यांची कल्पना सत्त्याऐंशी वर्षांनी, विजेचे साहाय्य घेऊन परतली होती.

डिझेल यांचे श्रेय यामुळे अणुमात्र उणे होत नाही. परंतु मोठी कल्पना आणि तिचे फळ यांच्यामध्ये नेहमीच एखादी अरुंद नळी असते. ती घडविणारे, तिचे टोक नीट बसविणारे आणि तिचा नट बेताने आवळणारे हात हेही त्या इतिहासाचे भागीदार आहेत.