मोटारगाडीच्या अंतर्भागातील प्लॅस्टिकचे पुनर्रंजन व रंगजुळणी

जुन्या मोटारगाडीतील डॅशबोर्ड, दारांची आतील आवरणे, खांबांवरील पट्ट्या, आसनांमधील खण इ. प्लॅस्टिकचे भाग शेजारच्या भागांशी किंवा मूळ रंगाशी जुळतील अशा रीतीने पुन्हा रंगविण्याची क्रिया. बाहेरील पत्र्याच्या रंगकामाहून हे काम भिन्न आहे. पत्र्यावर रंगाचा थर चढविलेला असतो. प्लॅस्टिकचा रंग मात्र पुष्कळदा त्या पदार्थात सर्वत्र मिसळलेला असतो. त्यामुळे रंग उडाला म्हणजे केवळ आवरण गेले असे नसून खुद्द पदार्थच बदललेला असतो.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांचा अंतर्भाग लाकूड, चामडे, कापड व धातू यांचा असे. लेओ बेकलंड (१८६३–१९४४) यांनी १९०७ मध्ये शोधून काढलेले बेकेलाइट विद्युत्‌ निरोधक भाग व मुठी यांसाठी वापरात आले. परंतु ते मुख्यतः काळ्या वा तपकिरी रंगांतच मिळे. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड या गाडीसाठी नायट्रोसेल्युलोजयुक्त ड्यूको हे लाखरोगण वापरले आणि झटपट वाळणारे विविध रंग मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात शक्य झाले. १९२७ मध्ये याच कंपनीने हार्ली अर्ल (१८९३–१९६९) यांच्या नेतृत्वाखाली कला व रंग विभाग स्थापन केला. गाडीचा रंग हा तेव्हापासून विक्रीचा एक महत्त्वाचा घटक बनला.

मृदू पॉलिव्हिनिल क्लोराइड (व्हिनिल) वॉल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची आवरणे आसनांवर सर्रास दिसू लागली. १९५४ मध्ये एबीएस हे टणक प्लॅस्टिक बाजारात आले. कार्ल त्सीग्लर व ज्यूल्यो नात्ता यांच्या संशोधनामुळे १९५७ पासून पॉलिप्रोपिलीनचे औद्योगिक उत्पादन होऊ लागले. अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यानुसार १९६८ पासून लागू झालेल्या मानकांनी आघात शोषणारे पृष्ठभाग आवश्यक ठरविले आणि चालकाच्या दृष्टिक्षेपातील झळाळत्या धातूच्या भागांवर मर्यादा घातली. परिणामी गादीयुक्त व्हिनिल व मंद चकाकीचे प्लॅस्टिक यांचा वापर वाढला. याच काळात तांबड्या, निळ्या वा हिरव्या अशा एकाच रंगाच्या अंतर्भागाची आवड रूढ होती. म्हणजे व्हिनिल, एबीएस, पॉलिप्रोपिलीन, कापड व रंगविलेला पत्रा या सर्वांवर कारखान्यास एकच रंग साधावा लागे.

ऱ्हास : हे पदार्थ एकाच गतीने जुने होत नाहीत. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे एबीएसमधील रबरी घटकाचे ऑक्सिडीकरण होऊन ते पिवळे व ठिसूळ होते. पॉलिप्रोपिलीनच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. व्हिनिलमधील मृदुकारक द्रव्य हळूहळू बाहेर पडून ते आकसते व तडकते. पुढील स्तरित काच बहुतेक जंबुपार किरण अडविते. बाजूच्या व मागील काचा मात्र सामान्यतः एकेरी असल्याने त्यांतून दीर्घ तरंगलांबीचे जंबुपार किरण अधिक प्रमाणात आत येतात. यामुळे कारखान्यातून एकाच रंगाचे निघालेले भाग काही दशकांनी निरनिराळ्या छटांचे दिसतात.

रंगजुळणी : रंगाचे संख्यात्मक मापन आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाच्या १९३१ च्या पद्धतीमुळे शक्य झाले, १९७६ मध्ये दोन छटांतील फरक मोजण्याची सुधारित पद्धती आली. पॉल कुबेल्का व फ्रान्ट्स मुंक यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरून रंगद्रव्यांचे प्रमाण गणिताने काढता येते. तथापि एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात विजोड दिसू शकतात, कारण ते निरनिराळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. जुन्या प्लॅस्टिकातील तांबड्या व पिवळ्या छटांसाठी पुष्कळदा कॅडमियमयुक्त वा शिसेयुक्त रंगद्रव्ये वापरीत. यूरोपीय संघाच्या २००० च्या निर्देशानुसार १ जुलै २००३ नंतर विक्रीस येणाऱ्या मोटारगाड्यांत शिसे व कॅडमियम यांच्या वापरास, काही अपवाद सोडून, मनाई करण्यात आली. त्यांच्या जागी आलेली कार्बनी रंगद्रव्ये डोळ्यांस तीच छटा देत असली, तरी प्रकाशाचे शोषण वेगळ्या प्रकारे करतात. म्हणून जुळणी दिवसाच्या व विजेच्या अशा दोन्ही प्रकाशांत तपासून पाहणे आवश्यक असते. चकाकीतील फरकही डोळ्यांस रंगातील फरकासारखाच भासतो. तो घालविण्यासाठी रोगणात सिलिकेची पूड मिसळतात.

कृती : प्रथम भाग साबणाच्या पाण्याने व योग्य विद्रावकाने धुतात. पूर्वी लावलेल्या सिलिकोनयुक्त पॉलिशचा अंश राहिल्यास रोगणात खळगे पडतात. पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा कमी असल्याने त्यावर रोगण चिकटत नाही. त्यासाठी क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा पातळ अस्तर-थर आधी द्यावा लागतो. व्हिनिलवर लवचिक रोगण फवारतात. त्यास व्यवहारात ‘डाय’ म्हणत असले, तरी ते बहुधा रंगद्रव्ययुक्त रोगणच असते, खरे रंजक नव्हे. थर अनेक पण अतिशय पातळ द्यावे लागतात. जाड थराने पृष्ठभागावरील चामड्यासारखी कणी बुजते व ती पुन्हा उठविता येत नाही. जुने भाग घासताना उडणारी धूळ विषारी असू शकते, म्हणून ते ओले करून घासणे व मुखपट्टी वापरणे इष्ट असते.

मूल्यमापन : कोणता रंग मूळ मानावा, हा या कामातील खरा प्रश्न आहे. गाडीवरील पट्टीवर अंतर्भागाचा सांकेतिक क्रमांक असतो, पण तो कारखान्यातील रंगाचा निर्देश करतो, आजच्या भागाचा नव्हे. मूळ छटा प्रकाश न पोहोचलेल्या जागी, उदा., रक्षापात्राखाली किंवा भागाच्या मागील बाजूस, आढळते. एकच भाग त्या छटेने रंगविला, तर तो शेजारच्या फिकट भागांत परका दिसतो. फिकट छटेशी जुळविला, तर मूळ रंगाचा दृश्य पुरावा झाकला जातो. आणि सर्वच भाग रंगविले, तर गाडीच्या वयाची खूण नाहीशी होते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या तूरिन सनदेत पुनर्निर्मितीपेक्षा जतनास अग्रक्रम दिला असून केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यावर भर दिला आहे. रोगण प्लॅस्टिकला घट्ट धरून बसते व काढावयाच्या विद्रावकाने प्लॅस्टिकही विरघळू शकते; त्यामुळे हे काम बहुधा माघारी फिरविता येत नाही. यास्तव रंगकामापूर्वी मूळ छटेचे मापन करून ठेवणे व आतील बाजूचा एखादा कोपरा न रंगविता राखणे श्रेयस्कर ठरते.